कागदी शेअर्स आणि खरेदीदार नसलेला बाजार : वाचकांचे प्रश्न

भांडवल उभारणीवरील सरकारी नियंत्रण १९९२ मध्ये उठले आणि त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत शेकडो लहान कंपन्या लोकांकडे पैसे मागायला आल्या. विदर्भातील नोकरदार कुटुंबांनीही भविष्य निर्वाह निधीतून, बोनसमधून पैसे काढून अर्ज भरले. त्या काळातील प्रमाणपत्रे आज पुढच्या पिढीच्या हाती येत आहेत. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्यांच्याविषयीच असल्याने सदराची सर्व जागा या एकाच विषयाला दिली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील मुख्याध्यापक होते. त्यांच्या निधनानंतर कपाटात अकरा कंपन्यांची कागदी शेअर प्रमाणपत्रे सापडली. काही केवळ त्यांच्या नावावर आहेत, तर काहींवर दुसरे नाव आईचे आहे. आईचे वय आता शहात्तर आहे. यांतील बऱ्याच कंपन्यांची नावे मी कधी ऐकलेली नाहीत. हे शेअर्स विकता येतील का आणि सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : सुरुवात प्रमाणपत्र उलटून पाहण्यापासून करावी. मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदींचा तक्ता असतो. त्यात तारीख, हस्तांतरण क्रमांक, घेणाऱ्याचे नाव, नवा फोलिओ क्रमांक (कंपनीच्या दफ्तरातील भागधारकाचा खाते क्रमांक) आणि कंपनीच्या अधिकाऱ्याची सही अशी माहिती असते. समोरच्या बाजूवर छापलेले नाव पहिल्या धारकाचे असते, परंतु शेअर्स मध्ये कोणाकडून विकत घेतलेले असतील तर शेवटच्या नोंदीतील नाव हेच मालकाचे नाव होय. आपल्या वडिलांचे नाव पुढच्या बाजूवर किंवा या शेवटच्या नोंदीत असेल तर मालकी स्पष्ट आहे. फोलिओ क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक आणि शेअर्सचे अनुक्रमांक एका वहीत उतरवून घ्यावेत व दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढून ठेवाव्यात. कागद जुना आणि ठिसूळ झाला असला तरी तो लॅमिनेट करू नये, कारण पुढे त्यावर शिक्का मारावा लागतो. त्यावर पेनाने काही लिहूही नये.

दुसरे काम म्हणजे प्रत्येक कंपनी आज कोणत्या अवस्थेत आहे ते शोधणे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने शोध घेतल्यास ती चालू आहे, अवसायनात (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याच्या प्रक्रियेत) आहे की नोंदवहीतून काढून टाकली गेली आहे हे कळते. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर तिची नोंदणी चालू आहे की व्यवहार स्थगित आहेत हे दिसते. नाव सापडले नाही म्हणून कंपनी बुडाली असे समजू नये. टिस्को या नावाने घरोघरी ओळखली जाणारी कंपनी २००५ पासून टाटा स्टील आहे आणि २०२२ मध्ये तिच्या १० रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे १ रुपयाचे दहा शेअर्स झाले. टेल्को २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली. अनोळखी वाटणारी कंपनीही एखाद्या मोठ्या कंपनीत विलीन झालेली असू शकते आणि तसे असेल तर विलीनीकरणाच्या प्रमाणात नवे शेअर्स आपल्याला मिळायला हवेत. उलट बाजूही लक्षात ठेवावी. दिवाळखोरी संहितेखालील निराकरण योजनेत जुन्या भागधारकांचे भांडवल पूर्णपणे रद्द होऊ शकते. डीएचएफएलच्या भागधारकांच्या बाबतीत २०२१ मध्ये नेमके हेच झाले. अशा कंपनीच्या प्रमाणपत्रावर आता पैसा किंवा श्रम खर्च करण्यात अर्थ नाही.

आता नावांविषयी. ज्या प्रमाणपत्रांवर आईंचे दुसरे नाव आहे ते काम तुलनेने सोपे आहे. संयुक्त धारकांपैकी एकाचे निधन झाल्यास कंपनी हयात धारकालाच मालक मानते. त्यामुळे वडिलांचा मृत्यू दाखला देऊन त्यांचे नाव कमी करून घेता येते आणि वारसांच्या कागदपत्रांची गरज पडत नाही. केवळ वडिलांच्या नावावरील शेअर्ससाठी मात्र नामनिर्देशन केलेले होते का ते आधी पाहावे. त्या काळात नामनिर्देशनाची सोयच नसल्याने ते बहुधा नसेल. अशा वेळी आयएसआर-५ या नमुन्यात अर्ज, मृत्यू दाखला, सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि आपला हक्क सोडणाऱ्या वारसांची ना-हरकत लागते. मे २०२२ मधील तरतुदीनुसार कागदी शेअर्सचे मूल्य प्रत्येक कंपनीमागे पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर एवढ्या सुलभ कागदपत्रांवर काम होते. त्यापुढील मूल्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा मृत्युपत्राचा आधार लागतो. सिव्हिल लाइन्समधील न्यायालयात असा अर्ज करण्याची वेळ आलीच, तर त्यात सर्व कंपन्यांचे शेअर्स, मुदत ठेवी आणि इतर येणी एकत्रच दाखवावीत. एखादी कंपनी राहून गेली तर तेवढ्यासाठी पुन्हा न्यायालयात जावे लागते. बहिणी असतील तर त्यांच्याशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. कंपनीच्या आक्षेपांपेक्षा घरातील न मिळालेल्या एका सहीमुळे अडकलेली प्रकरणे मी अधिक पाहिली आहेत.

यानंतर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, आईंची माहिती अद्ययावत करावी लागेल. अशा बऱ्याच संस्थांची कार्यालये मुंबई किंवा हैदराबादला आहेत, परंतु टपालाने काम होते व तेथे जावे लागत नाही. आयएसआर-१ नमुन्यात पॅन, पत्ता, मोबाइल व बँक खाते द्यायचे असते. आयएसआर-२ मध्ये बँकेच्या अधिकाऱ्याकडून सही साक्षांकित करून घ्यायची असते आणि सोबत छापील नाव असलेला रद्द केलेला धनादेश जोडायचा असतो. नामनिर्देशनासाठी एसएच-१३ हा नमुना आहे. सगळ्यांत जास्त प्रकरणे परत येतात ती सहीमुळे. तीस वर्षांपूर्वी केलेली सही आणि आज थरथरत्या हाताने केलेली सही जुळत नाही, यात कोणाचाच दोष नाही आणि आयएसआर-२ नेमका त्यासाठीच आहे. म्हणून आईंना बँकेत स्वतः घेऊन जावे व अधिकाऱ्यासमोर सही करून घ्यावी. अधिकाऱ्याचे नाव, पद, कर्मचारी क्रमांक आणि शाखेचा शिक्का यांपैकी काही राहिले नाही ना, हे काउंटर सोडण्यापूर्वीच तपासावे. प्रमाणपत्रावर ‘सौ.’ आणि नुसते नाव, तर पॅनवर पतीच्या नावासह पूर्ण नाव, असा फरक आपल्याकडे नेहमीच असतो. त्यासाठी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र व ओळखीचा पुरावा तयार ठेवावा. पॅन आधारशी जोडलेले आहे याचीही खात्री करावी.

१ एप्रिल २०१९ पासून सूचीबद्ध कंपनीचे कागदी शेअर्स विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, म्हणून विक्रीसाठी डिमॅट, म्हणजे शेअर्स इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याचे, खाते अनिवार्य आहे. जानेवारी २०२२ पासून वारसाहक्काने किंवा दुय्यम प्रमाणपत्राच्या अर्जावर मिळणारे शेअर्सही डिमॅट रूपातच मिळतात. त्या प्रक्रियेत रजिस्ट्रारकडून पुष्टिपत्र आले तर त्यावरील, डिमॅट अर्ज करण्याची १२० दिवसांची मुदत चुकवू नये. आईंच्या नावे मूलभूत सेवा डिमॅट खाते उघडावे. चार लाख रुपयांपर्यंतच्या शेअर्सवर अशा खात्याला वार्षिक शुल्क पडत नाही. त्यानंतर डिमॅट विनंती अर्ज भरून प्रमाणपत्रे आपल्या डीपीकडे, म्हणजे डिमॅट खाते असलेल्या बँकेकडे किंवा दलालाकडे द्यावीत. डीपी कागदपत्रे तपासून प्रमाणपत्रावर ‘डिमॅटसाठी सादर’ असा शिक्का मारतो आणि कंपनीच्या नावावर दोन छिद्रे पाडतो. हे काम त्याचे आहे, आपण घरी करू नये. पोचपावती घेतल्याशिवाय मूळ कागद हातचा सोडू नये.

अकराही कंपन्यांचे काम एकदम हाती घेऊ नये. चालू असलेल्या आणि बाजारात खरोखर व्यवहार होत असलेल्या दोन कंपन्यांपासून आरंभ करावा. त्यांची कागदपत्रे मान्य झाली की त्याच नमुन्यावर पुढची कामे करता येतात.

प्रश्न : माझ्या डिमॅट खात्यात मुंबई शेअर बाजारातील एका लहान कंपनीचे १२,००० शेअर्स आहेत. पडद्यावर भाव ७० पैसे दिसतो, परंतु विकायला गेलो की खरेदीदारच नसतात. इतवारीतील एक गृहस्थ सगळे शेअर्स रोख पैशांत घ्यायला तयार आहेत आणि सही केलेली कोरी स्लिप मागत आहेत. काय करावे? (एक वाचक, रामदासपेठ, नागपूर)

उत्तर : कोरी स्लिप कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. खात्यातील शेअर्स दुसऱ्याला देण्याचा आदेश या स्लिपवर असतो, म्हणून सही केलेली कोरी स्लिप ही कोऱ्या धनादेशाइतकीच धोक्याची असते. तिच्यावर कोणत्या कंपनीचे किती शेअर्स लिहिले जातील यावर आपला ताबा राहत नाही. बाजाराबाहेर एखाद्याला शेअर्स विकणे बेकायदेशीर नाही, परंतु स्लिप पूर्ण भरलेली असावी, किंमत व व्यवहाराचे कारण तिच्यात नमूद असावे, पैसे बँकेतून आधी जमा झालेले असावेत आणि मोबाइलवर येणारा संमतीचा ओटीपी आपण स्वतःच द्यावा. अशा विक्रीवर रोखे व्यवहार कर भरला जात नाही, त्यामुळे दीर्घकालीन नफ्यावरील सव्वा लाखाची प्राप्तिकर सवलतही मिळत नाही. रोखीने व्यवहार करू इच्छिणाऱ्या माणसाशी व्यवहारच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बाजारातील विक्रीविषयी सविस्तर लिहितो, कारण पडद्यावरचा भाव आणि आपल्याला मिळणारा भाव यांतील अंतर बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ७० पैसे हा शेवटच्या व्यवहाराचा भाव आहे. तो व्यवहार कदाचित चार दिवसांपूर्वी शंभर शेअर्सचा झाला असेल. आपल्याला पाहायची आहे ती खरेदीदारांची यादी. समजा, ६९ पैशांना ५००, ६८ पैशांना २,००० आणि ६७ पैशांना ३,००० शेअर्सची मागणी आहे. आपण १२,००० शेअर्सचा ‘बाजारभावाने विका’ असा आदेश दिला, तर ५,५०० शेअर्स उतरत्या भावाने विकले जातील, हाती ३,७१५ रुपये येतील आणि उरलेले ६,५०० शेअर्स विक्रीच्या रांगेत लटकत राहतील. ते पाहून उद्याचा खरेदीदार आणखी खालचा भाव लावेल. म्हणून अशा शेअरमध्ये नेहमी भावमर्यादा घालूनच आदेश द्यावा.

भावाची दैनिक मर्यादाही येथे महत्त्वाची ठरते. शेअरनुसार ती २, ५, १० किंवा २० टक्के असते. ७० पैशांच्या शेअरवर पाच टक्के म्हणजे साडेतीन पैसे. पण भाव पैशापैशानेच हलतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्या दिवशी ६७ ते ७३ पैसे एवढाच पट्टा मिळतो. दोन टक्क्यांची मर्यादा असेल तर जेमतेम एक पैसा खाली किंवा वर. खालच्या मर्यादेला भाव अडकलेला असेल तेव्हा सर्वांचा विक्रीभाव एकच असतो आणि मग ज्याचा आदेश आधी नोंदला गेला त्याचे शेअर्स आधी विकले जातात. अशा दिवशी सकाळी बाजार उघडतानाच आदेश देणाऱ्याला दुपारी जागे होणाऱ्यापेक्षा निश्चित लाभ असतो.

आपला शेअर कोणत्या गटात आहे हे दलालाला विचारावे. ‘टी’ किंवा ‘एक्सटी’ गटात प्रत्येक खरेदी-विक्रीची डिलिव्हरी द्यावीच लागते. त्यामुळे रोजच्या सट्ट्यासाठी येणारे लोक तेथे नसतात व उलाढाल आणखी आटते. ‘झेड’ गटात सूचीकरणाच्या अटी न पाळणाऱ्या कंपन्या असतात. अगदी कमी उलाढालीच्या काही शेअर्ससाठी २०१३ पासून तासातासाच्या लिलाव-सत्रांची पद्धत आहे. त्यात दिवसभर सलग सौदे होत नाहीत. आदेश गोळा केले जातात आणि सत्राच्या शेवटी एकाच भावाने सौदे जुळतात. श्रेणीबद्ध निगराणीच्या, म्हणजे शेअर बाजाराने टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेल्या निर्बंधांच्या, वरच्या टप्प्यांवर असलेल्या शेअरचे व्यवहार तर आठवड्यातून एकदाच होतात. खरेदीदार नाहीत असे वाटण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते की आपण चुकीच्या वेळी पडदा पाहत असतो.

एवढ्या शेअर्सची विक्री तुकड्यांत करावी, पण तुकडे फार लहान नसावेत. डीपीचे शुल्क प्रत्येक कंपनीमागे विक्रीच्या प्रत्येक दिवशी लागते आणि त्याचा शेअर्सच्या संख्येशी संबंध नसतो. त्यावर दलालीची किमान रक्कम आणि वस्तू व सेवा कर येतो. एका दिवशी हजार शेअर्स ६८ पैशांनी विकले तर ६८० रुपयांतून हा खर्च वजा होईल, आणि असे बारा दिवस केले तर खर्चही बारा वेळा होईल. आपल्या बाबतीत तीन ते चार तुकडे योग्य ठरतील. प्रत्येक वेळी खरेदीदारांच्या यादीत जेवढी मागणी दिसते त्याहून थोडे अधिकच विक्रीला ठेवावे, पूर्ण साठा दाखवू नये.

एखाद्या दिवशी हाच शेअर कारणाशिवाय सलग वरच्या मर्यादेला जाऊ लागेल आणि मोबाइलवर तो घेण्याच्या शिफारशी फिरू लागतील. विकून मोकळे होऊ इच्छिणाऱ्याने त्या वेळी विकावे आणि आणखी घेण्याच्या मोहात पडू नये. ओळखीच्या लोकांना तर ती शिफारस मुळीच पुढे पाठवू नये, कारण शेवटी तो शेअर त्यांच्याच गळ्यात राहतो. मूळ खरेदीची कागदपत्रे मात्र जपावीत. फालतू शेअर्सच्या खोट्या नफ्यावर प्राप्तिकर खात्याचे बारीक लक्ष असते आणि प्रामाणिक धारकाला जुन्या कागदांचाच आधार असतो.

प्रश्न : १९९७ मध्ये मी कागदी शेअर्स विकत घेतले. विक्रेत्याच्या सहीचा हस्तांतरण अर्ज जोडलेला आहे, पण तो कंपनीकडे पाठवायचा राहिला. आता हे शेअर्स माझ्या नावावर होतील का? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : कंपनीच्या दफ्तरी आजही मालक विक्रेताच आहे आणि लाभांश व बोनसही त्याच्याच नावाने निघाले असतील. २०१९ पूर्वी दाखल होऊन त्रुटींमुळे परत आलेल्या अर्जांसाठी सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, ७ जुलै २०२५ पासून सहा महिन्यांची विशेष मुदत दिली होती. आपला अर्ज कधी दाखलच झाला नसल्याने आपण त्या वर्गात बसत नव्हता. अशा मुदती पुन्हा जाहीर होतात व त्यांच्या अटी बदलतात, म्हणून रजिस्ट्रारला ई-मेल करून सध्या कोणती सोय लागू आहे हे लेखी विचारावे. दरम्यान विक्रेत्याचा शोध घ्यावा. तो सापडल्यास त्याच्या नावे शेअर्स डिमॅट करून मग आपल्या खात्यात वळवणे हा सरळ मार्ग आहे. खरेदीचे बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा अद्याप असेल तर तो जपून ठेवावा.

प्रश्न : आजोबांच्या नावावरील एका चांगल्या कंपनीचे शेअर्स सरकारकडे गेले, असे एका सल्लागाराने फोनवर सांगितले. ते सोडवून देण्यासाठी तो एकूण किमतीच्या पंचवीस टक्के आणि मुखत्यारपत्र मागतो. कंपनीला विचारल्यावर शेअर्स खरोखर हस्तांतरित झाल्याचे कळले. (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : सलग सात वर्षे लाभांश घेतला गेला नाही तर ते शेअर्स गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग करावेत, अशी तरतूद कंपनी कायद्यात आहे. कंपनी तीन महिने आधी शेवटच्या पत्त्यावर सूचना पाठवते आणि वृत्तपत्रात जाहिरातही देते. पण घर बदललेले असले की ती सूचना पोचत नाही. यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जी कंपनी लाभांशच देत नाही तिचे शेअर्स या कारणाने निधीकडे जात नाहीत. म्हणजे नेमके किमती शेअर्स तिकडे जातात आणि कवडीमोलाचे घरच्या पेटीत राहतात.

मालकी संपलेली नाही. वारस म्हणून आधी कंपनीकडे किंवा रजिस्ट्रारकडे कागदपत्रे देऊन हक्कपत्र घ्यावे, मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरावा आणि त्याची प्रत, हमीपत्र, मूळ प्रमाणपत्र इत्यादी कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावेत. या अर्जाला शुल्क नाही. एका कंपनीसाठी एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो, म्हणून लाभांश आणि शेअर्स दोन्ही त्यातच मागावेत. वेळ लागतो, पण अवघड असे काही नाही. कागदपत्रे तयार करण्यासाठी कंपनी सचिवाची मदत ठरावीक मोबदल्यात जरूर घ्यावी, मात्र टक्केवारीचा करार आणि मुखत्यारपत्र दोन्ही नाकारावे. त्या सल्लागाराला आजोबांच्या शेअर्सची माहिती मिळाली ती कंपन्यांनीच जाहीर केलेल्या याद्यांतून. ती त्याची मेहनत नव्हे.

प्रश्न : वडिलांकडून आलेले जुने शेअर्स विकल्यास कर किती? खरेदीची किंमत ठाऊक नाही. (एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : शेअर बाजारात विकल्यास वर्षभरातील एकूण दीर्घकालीन नफ्यापैकी १.२५ लाख रुपये करमुक्त असतात व उरलेल्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. हा दर २३ जुलै २०२४ पासूनचा आहे. वडिलांनी धारण केलेला काळ आपल्या काळात मिळवला जातो आणि त्यांची किंमत हीच आपली किंमत धरली जाते. फेब्रुवारी २०१८ पूर्वीच्या शेअर्ससाठी ३१ जानेवारी २०१८ चा बाजारातील कमाल भाव विचारात घेता येतो, त्यामुळे मूळ बिल नसले तरी बहुतेकांचे अडत नाही. तोटा झाला तर तो फक्त दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो आणि विवरणपत्र मुदतीत भरले असेल तर आठ वर्षे पुढे नेता येतो.

प्रश्न : एका कंपनीचे २०० शेअर्स आहेत, भाव ४० पैसे. दुसरी कंपनी नोंदवहीतून काढून टाकलेली दिसते. ही प्रमाणपत्रे फाडून टाकू का? (एक वाचक, सदर, नागपूर)

उत्तर : पहिल्या कंपनीचे शेअर्स विकून ८० रुपये येतील आणि डिमॅटचे शुल्क, कुरिअर, डीपीचा आकार मिळून त्याहून अधिक खर्च होईल. त्यामुळे विकण्याची धडपड करू नये. तथापि फोलिओतील पॅन, पत्ता व नामनिर्देशन अद्ययावत करून ठेवावे, कारण उद्या दुसऱ्या प्रवर्तकाने कंपनी घेतली किंवा ती बाजारातून स्वेच्छेने बाहेर पडू लागली तर भागधारकांना शेअर्स विकत घेण्याचा देकार येतो. स्वेच्छेने बाहेर पडलेल्या कंपनीच्या प्रवर्तकांना उरलेल्या भागधारकांचे शेअर्स किमान एक वर्ष त्याच भावाने घ्यावे लागतात. तो देकार नोंदवलेल्या पत्त्यावर येतो.

दुसऱ्या कंपनीविषयी घाई नको. २०१७ मध्ये दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे कंपनी निबंधकांनी काढून टाकली आणि त्यांतील काही पुढे कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशाने पुनर्स्थापितही झाल्या. भागधारकालाही असा अर्ज करण्यासाठी वीस वर्षांची मुदत असते. दोनशे शेअर्ससाठी आपण तो खर्च करावा असे मी सुचवणार नाही, परंतु कंपनीच्या नावे जमीन किंवा कारखाना शिल्लक असेल तर दुसरा कोणी तो अर्ज करू शकतो. प्रमाणपत्र एका पाकिटात घालून, वर फोलिओ क्रमांक लिहून, घराच्या कागदपत्रांसोबत ठेवावे.